यातलं तुझं किती?

दिवाळी होऊन आठवडा झाला होता. साल २०२२. बारामतीच्या कोर्टाजवळ माझ्या एका शाळासोबत्याची वकिली आहे, त्याच्याकडे मी तक्रार घेऊन गेलो. इंग्रजी बोलायला शिकवण्याच्या माझ्या क्लाससाठी मी एक पुस्तिका काढली होती. पानं ११२, किंमत १५० रुपये. शेजारच्या तालुक्यातल्या एका क्लासवाल्याने तिच्या झेरॉक्स काढल्या, वरचं पान बदललं आणि त्या ४० रुपयांना विकायला ठेवल्या. चौथ्या पानावर माझ्या हातून राहिलेली छपाईची चूकसुद्धा त्याने प्रामाणिकपणे ठेवली होती.

"नोटीस काढ," मी म्हणालो. "अशी काढ की पुन्हा झेरॉक्सच्या दुकानाची पायरी चढणार नाही."

त्याने पुस्तिका उलटसुलट करून पाहिली. मग टेबलाच्या खणातून ती एका टोकाला लाल, दुसऱ्या टोकाला निळी असलेली जाड पेन्सिल काढली आणि विचारलं, "यातलं तुझं किती?"

"म्हणजे? सगळं माझंच आहे. दोन वर्षं राबलोय त्याच्यावर."

"राबला असशील रे. लिहिलंस किती, ते विचारतोय."

पुढचा तासभर तो पानं उलटत होता आणि मी बघत होतो. सिनेमातला संवाद आला की लाल रेघ. सिनेमातून उचललेलं चित्र आलं की लाल रेघ. संवादाखाली मी दिलेला मराठी अर्थ आला, तिथे तो थोडा थांबला आणि तिथेही त्याने लालच रेघ ओढली. शेवटी हिशेब निघाला: ७४ पानं लाल, ३८ निळी.

"नोटीस काढतो मी," तो म्हणाला. "पण ती हातात पडल्यावर तो गडी हीच पुस्तिका घेऊन सिनेमाच्या खऱ्या मालकाकडे गेला, तर तुम्ही दोघं एकाच बाकावर बसाल. आणि त्याच्या चाळीस रुपयांपेक्षा तुझे दीडशे जास्त डोळ्यांवर येतील."

चहा आला होता, तो निवला. वकील मंडळी फी घेत नाहीत तेव्हा जास्त महाग पडतात.

क्लास मी २०१४ मध्ये सुरू केला. बारामतीत भिगवण रोडला एक हॉल, वीस खुर्च्या, एक फळा. तीन वर्षांनी इंदापूरला एसटी स्टँडजवळ दुसरी शाखा. आठवड्यातले तीन दिवस मोटरसायकलवर भवानीनगर, सणसर, लासुर्णे, अंथुर्णे, निमगाव केतकी असं करत पन्नासेक किलोमीटर जायचं आणि रात्री परतायचं. कारखान्यांचा हंगाम असला की उसाच्या ट्रॉल्यांमागे अर्धा वेळ जातो. आषाढीच्या आधी तुकोबांची पालखी याच वाटेने इंदापूरला येते, त्या दिवसांत क्लास बंद ठेवायची पाटी लावावी लागत नाही, कुणी येतच नाही.

मुलं येतात ती कोण? एमआयडीसीत लागलेली, फार्मसी झालेली, नर्सिंग करणाऱ्या मुली, बँकेची परीक्षा देणारे, एखादा शेतकऱ्याचा पोरगा ज्याला द्राक्षाच्या निर्यातदाराशी स्वतः बोलायचंय. व्याकरणात यातलं कुणी कच्चं नसतं. पॅसिव्ह व्हॉइस सांगा, फळ्यावर करून दाखवतील. पण पुण्याहून कंपनीतल्या बाईंचा फोन आला आणि त्या इंग्रजीत सुरू झाल्या, की हे फोन कट करतात आणि "रेंज नव्हती" म्हणतात. दहा-बारा वर्षं इंग्रजी डोळ्यांनी शिकलेली ही पोरं, कानाने कधी शिकलेलीच नसतात.

म्हणून सिनेमा. २०१६ च्या सप्टेंबरात जिओ आलं, डेटा जवळजवळ फुकट झाला आणि माझ्यासारख्या मास्तराच्या हाती अलिबाबाची गुहा लागली. पद्धत मी स्वतःच बसवली होती. नव्वद सेकंदांचा तुकडा घ्यायचा. आधी आवाज बंद करून दाखवायचा आणि ही माणसं काय बोलत असतील ते मुलांनी सांगायचं. मग चित्र बंद, नुसता आवाज. मग दोन्ही. मग एकेक वाक्य थांबवून तसंच्या तसं म्हणायचं, तोच सूर, तोच झटका. पहिल्या दिवशी प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी हमखास म्हणायचंच, "सर, ह्यो माणूस लय शब्द गिळतोय."

सर्वांत जास्त चालला तो २००४ चा 'द टर्मिनल'. त्यातला टॉम हँक्स विमानतळावर अडकतो, त्याला इंग्रजी येत नाही, आणि तो न्यूयॉर्कचं एकच मार्गदर्शक पुस्तक दोन भाषांत घेऊन, ओळीला ओळ जुळवत भाषा शिकतो. इंदापूरच्या बॅचला तो आपलाच माणूस वाटायचा. त्या तुकड्यानंतर एका मुलाने घरी जाऊन मराठी आणि इंग्रजी अशी दोन्ही वर्तमानपत्रं लावली. अशा वेळी मास्तरला कायदा आठवत नाही.

पुस्तिका याच वेडातून आली. मुलं संवाद वहीत उतरवून घेत, चुका करत, म्हणून मी टाइप करून द्यायला लागलो. मग संवादाशेजारी त्या प्रसंगाचं चित्र टाकलं. मग खाली मराठी अर्थ. मग कुणीतरी म्हणालं, छापूनच काढा ना. पाचशे प्रती छापल्या आणि काही इंदापूरच्या एका स्टेशनरीच्या दुकानातही ठेवल्या, क्लासला न येणाऱ्यांसाठी. ही शेवटची गोष्ट मला तेव्हा व्यवसायाची हुशारी वाटली होती. वकिलाने तिच्याखाली दोन लाल रेघा ओढल्या.

त्यानंतर मार्च २०२० आला, हॉलला कुलूप लागलं, भाडं मात्र चालूच. मोबाईल पुस्तकांच्या चवडीला टेकवून मी धडे रेकॉर्ड केले. चाळीस धडे, प्रत्येकात सिनेमाचे तुकडे, किंमत ९९९ रुपये. नमुन्याचे काही धडे यूट्यूबवर फुकट ठेवले. सुरुवातीला सूचना यायच्या की या व्हिडिओत अमुक कंपनीचा मजकूर आहे, जाहिरातीचे पैसे तिच्याकडे जातील. मला कसले आलेत जाहिरातीचे पैसे, म्हणून दुर्लक्ष केलं. २०२१ मध्ये यूट्यूबचा कॉपीराइट स्ट्राइक आला. व्हिडिओ गेला, आणि नियम कळला: नव्वद दिवसांच्या आत असे तीन झाले की चॅनलच बंद.

इथे एक कबुली देतो. मी तेव्हा शहाणा झालो नाही, चलाख झालो. मशीनने ओळखू नये म्हणून चित्र आरशात दिसतं तसं उलटं करायचं, वेग किंचित वाढवायचा, ही युक्ती मी केली. पण 'टर्मिनल' हा सगळा विमानतळावरचा सिनेमा. जिथे तिथे पाट्या. त्या सगळ्या उलट्या झाल्या. एका मुलीचा मेसेज आला, "सर, मागच्या बोर्डवर कोणती भाषा आहे?" मला आजही त्या प्रश्नाची लाज वाटते. स्ट्राइकची वाटत नाही.

तर त्या दिवशी वकिलाने मला काय सांगितलं, ते माझ्या भाषेत सांगतो. मी कायद्याचा माणूस नाही, पण या गोष्टी मी नंतर कायद्याचं पुस्तक उघडून, नाक खुपसून वाचल्या आहेत.

आपला कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्यातलं ५२ वं कलम म्हणजे सवलतींचं गाठोडं. शिकवण्याच्या ओघात शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने एखाद्या कृतीची प्रत केली, तर तो भंग होत नाही. परीक्षेच्या प्रश्नात ती वापरली, तरी नाही. शैक्षणिक संस्थेच्या कामात सिनेमा दाखवला आणि बघणारे फक्त शिक्षक, विद्यार्थी, त्यांचे पालक आणि संस्थेशी संबंधित माणसं असतील, तर तेही चालतं. म्हणजे वर्गाचं दार लावून नव्वद सेकंदांचा तुकडा दाखवणारा मास्तर कायद्याला बराचसा आवडता आहे.

"बराचसा," वकील म्हणाला. "कारण शैक्षणिक संस्था म्हणजे काय, याची व्याख्या कायद्याने दिलेली नाही. शाळा आहे, कॉलेज आहे, यात वाद नाही. तुझा मात्र गुमास्ता परवाना आहे. जीएसटीवाल्यांच्या लेखी शाळेचं शिक्षण करमुक्त आणि तुझ्यासारख्यांच्या क्लासवर अठरा टक्के. सरकार तुला एका खिडकीवर दुकानदार म्हणतं. दुसऱ्या खिडकीवर तू गुरुजी होणार, ते कशाच्या जोरावर?"

मी दिल्लीचं प्रकरण पुढे केलं. क्लासवाल्यांत ते अर्धवट ऐकून सगळ्यांना माहीत असतं. दिल्ली स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सच्या आवारात रामेश्वरी फोटोकॉपी सर्व्हिस नावाचं एक झेरॉक्सचं दुकान. प्राध्यापकांनी नेमलेल्या पुस्तकांतली प्रकरणं एकत्र करून ते विद्यार्थ्यांना बांधून द्यायचं. २०१२ मध्ये ऑक्सफर्ड, केंब्रिज आणि टेलर अँड फ्रान्सिस या प्रकाशकांनी दुकान आणि विद्यापीठ दोघांवर दावा लावला. १६ सप्टेंबर २०१६ ला दिल्ली उच्च न्यायालयाने तो फेटाळला. डिसेंबरात खंडपीठानेही 'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांचा अर्थ ऐसपैस घेतला आणि शिकवण्यासाठी जेवढं लागेल तेवढं घेता येईल असं म्हटलं. नेमलेल्या गठ्ठ्यातलं सगळं खरोखर शिकवण्यासाठी लागत होतं का, एवढाच प्रश्न पुढे तपासायला ठेवला. २०१७ मध्ये प्रकाशकांनी दावाच मागे घेतला.

"बरोबर," वकील म्हणाला. "आता तू यातला कोण? विद्यापीठ नाहीस. झेरॉक्सवालाही नाहीस, तो पानामागे पैसे घेत होता, मजकुराची किंमत लावत नव्हता. तू मजकुरावर किंमत छापलीस, दुकानात ठेवलीस, ऑनलाइन विकलीस. वर्गात केलंस तोवर शिकवण्याचा ओघ होता. दाराबाहेर आलं की तो धंद्याचा ओघ."

चित्रांबद्दल मी गाफीलच होतो. सिनेमा म्हणजे हलतं चित्र, त्यातला एक थांबलेला क्षण घेतला तर काय, असं मला वाटायचं. कायद्यात साफ लिहिलंय की सिनेमातल्या कुठल्याही प्रतिमेचं छायाचित्र काढणं हीसुद्धा सिनेमाची प्रतच. आणि अर्थ मी माझ्या मराठीत लिहिला असला, तरी भाषांतराचा हक्क मूळ लिहिणाऱ्याचा. त्याने न दिलेल्या परवानगीवर मी माझी मराठी उभी केली होती.

इंदापूरला एका रविवारी मी 'इंग्रजी सिनेमा दिन' केला होता, स्टँडजवळ फलक लावून, तीस रुपये प्रवेश, गावातल्या कुणीही यावं. हे सांगितल्यावर त्याने पेन्सिल खाली ठेवली. "लॅपटॉपवर कुठून लावलास?" माझ्या घरच्या ओटीटीवरून, मी म्हणालो. "त्याच्या अटीत लिहिलेलं असतं, घरच्यापुरतं, धंद्यासाठी नाही. महिन्याचे पैसे भरलेस म्हणजे घरात बसून बघायचे भरलेस. गावजेवणाचे नाही."

मग शिक्षेचं सांगितलं. ६३ वं कलम: सहा महिने ते तीन वर्षं कैद, पन्नास हजार ते दोन लाख दंड. धंद्यासाठी केलेलं नसेल तर कोर्ट कमी करू शकतं. आणि त्याच वर्षी, मे २०२२ मध्ये, सर्वोच्च न्यायालयाने निट प्रो इंटरनॅशनलच्या खटल्यात सांगितलं होतं की हा गुन्हा दखलपात्र आणि अजामीनपात्र आहे. म्हणजे पोलीस वॉरंटशिवाय उचलू शकतात. "एका क्लासवाल्यासाठी हॉलिवूड इंदापूरला येणार नाही," तो म्हणाला, "पण तुझ्याशी वाकडं असलेला कुणीही त्यांना कळवू शकतो. उदाहरणार्थ, ज्याला तू नोटीस पाठवायला निघालायस तो."

त्या दिवशी मी भांडलो होतो आणि माझा एक मुद्दा मी आजही सोडलेला नाही. गाण्यांसाठी निदान खिडकी तरी आहे. आयपीआरएस, पीपीएल अशा परवाना देणाऱ्या संस्था आहेत, दर ठरलेले आहेत, हॉटेलवाला जाऊन पैसे भरू शकतो. सिनेमातली नव्वद सेकंदं धड्यात वापरायची असतील, तर बारामतीच्या मास्तराने जायचं कुठं? मी एका परदेशी स्टुडिओला तीन मेल केले, रीतसर, कोणता प्रसंग, किती सेकंद, किती विद्यार्थी, सगळं लिहून. वाजवी पैसे देईन असंही लिहिलं. उत्तर आलं नाही. जिथे तिकीटच विकलं जात नाही तिथे विनातिकीट म्हणून पकडणं मला अजूनही पटत नाही. पण न पटण्यावर क्लास चालत नाही.

ऑनलाइन कोर्स मी त्याच महिन्यात बंद केला, राहिलेल्या मुलांना उरलेले धडे हॉलमध्ये फुकट शिकवून दिले. पुस्तिकेच्या १७० प्रती शिल्लक होत्या. रद्दीत घातल्या असत्या तर भेळीच्या कागदातून पुन्हा गावभर झाल्या असत्या. त्या हिवाळ्यात गावी आईचा बंब त्याच्यावरच पेटला. "चांगला कागद आहे रे," ती म्हणायची, "लवकर धरतो."

मग सुरू झाला तो शोध, ज्यात मला शिकवण्याइतकीच मजा आली. कुठल्या सिनेमावर कुणाचाच हक्क उरलेला नाही?

आपल्याकडे सिनेमाचा कॉपीराइट प्रदर्शनानंतरच्या जानेवारीपासून साठ वर्षं. लेखकाचा मात्र त्याच्या मृत्यूनंतर साठ वर्षं. हे दोन वेगळे घड्याळकाटे आहेत आणि ते एकाच सिनेमात एकदम फिरत असतात. आपला 'श्यामची आई' घ्या. अत्र्यांचा सिनेमा १९५३ चा, राष्ट्रपतींचं पहिलं सुवर्णपदक मिळवणारा. सिनेमाची साठ वर्षं २०१३ अखेर संपली. सानेगुरुजी १९५० मध्ये गेले, म्हणजे पुस्तक २०११ च्या पहिल्या दिवसापासून सगळ्यांचं. पण पटकथा-संवाद अत्र्यांचे, आणि अत्रे गेले १९६९ ला. त्यांच्या लेखणीचा काटा २०२९ अखेरपर्यंत चालू आहे. २०२३ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने सत्यजित राय यांच्या 'नायक'बद्दल निकाल दिला की पटकथेचा पहिला मालक निर्माता नव्हे, ती लिहिणारे राय. तेव्हा वकिलाने मला रात्री साडेदहाला फोन केला. त्याला आता माझ्या धंद्यात माझ्यापेक्षा जास्त रस वाटायला लागला होता.

इंग्रजीत हात लागला तो 'शरेड'ला. १९६३ चा, कॅरी ग्रँट आणि ऑड्री हेपबर्न. प्रदर्शनाच्या वेळी पडद्यावरच्या ओळीत कॉपीराइट हा शब्द किंवा त्याची खूण घालायची राहून गेली आणि अमेरिकेच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे तो पहिल्या दिवसापासून सार्वजनिक झाला. एका शब्दाची चूक, आणि अख्खा सिनेमा हातातून गेला. माझ्या चौथ्या पानावरच्या चुकीचं दुःख तिथे संपलं. भारतात त्याची साठ वर्षं २०२३ अखेर भरली. तरीसुद्धा पार्श्वसंगीत हेन्री मॅन्सिनी यांचं, ते गेले १९९४ ला, त्यामुळे मी वर्गासाठी निवडले ते संगीत नसलेले, नुसत्या बोलण्याचे प्रसंग. इंग्लंडमध्ये नावाचा उच्चार 'शराड', अमेरिकेत 'शरेड'. एक अख्खा तास नावावरच गेला, पण तो फुकट गेला नाही.

त्याच हेपबर्नचा पुढच्या वर्षीचा सिनेमा म्हणजे 'माय फेअर लेडी'. उच्चार शिकवणारा प्राध्यापक आणि फुलं विकणारी पोरगी. माझ्या धंद्यावरचाच सिनेमा. भारतात त्याची मुदत २०२४ अखेर संपली. अमेरिकेत तो २०५९ अखेरपर्यंत राखीव आहे. म्हणजे इंदापूरच्या हॉलमध्ये जे चालेल, ते यूट्यूबवर टाकलं की अमेरिकेत पोचतं आणि तिथे चालत नाही. त्यातल्या गाण्यांचे शब्द लिहिणारे लर्नर १९८६ मध्ये गेले, म्हणजे ते शब्द आपल्याकडेही २०४६ अखेरपर्यंत राखीव आहेत. मी हा सिनेमा सोडून दिला आणि त्याच्या मुळाशी गेलो.

मुळाशी आहे बर्नार्ड शॉचं नाटक, 'पिग्मॅलियन'. शॉ गेले नोव्हेंबर १९५० मध्ये, सानेगुरुजी त्याच वर्षीच्या जूनमध्ये. भारतात दोघंही एकाच सकाळी, १ जानेवारी २०११ ला, सगळ्यांचे झाले. श्यामची आई आणि फुलवाली एलायझा एकाच दारातून बाहेर आल्या, ही कल्पना मला फार आवडते. वकील म्हणतो, यात आवडण्यासारखं काय आहे, नुसता हिशेब आहे.

नाटक छापता येतं, भाषांतर करता येतं, वर्गात करता येतं. फक्त मराठी माणसाच्या तोंडात लगेच पुलंनी याच नाटकावरून केलेली 'ती फुलराणी' येते, आणि पु. ल. २००० मध्ये गेले. त्यांचा शब्द २०६० अखेरपर्यंत राखीव. म्हणून मी मुलांना पहिली अट घातली: पुलंचं पुस्तक आणि जुनी रेकॉर्डिंगं या दोन महिन्यांत उघडायची नाहीत. शॉच्या इंग्रजीवरून सरळ आपल्या मराठीत. तिसऱ्या अंकात एलायझा चहाला जाते, उच्चार एकदम स्वच्छ, पण सांगत असते काय, तर मावशी इन्फ्लुएन्झाने गेली म्हणतात पण खरं तिचा काटा काढला असावा. उच्चार साहेबी आणि मजकूर चाळीतला. लासुर्ण्याच्या एका मुलीने ते असं केलं की शेजारच्या टायपिंग इन्स्टिट्यूटमधली मंडळी दारात येऊन उभी राहिली. मला त्या वेळी कळलं की उच्चार आणि बोलणं यांतला फरक मी सिनेमाच्या तुकड्यांतून आठ वर्षं शिकवायचा प्रयत्न करत होतो आणि तो या एका प्रसंगात होता.

पण १९१३ चं नाटक एमआयडीसीतल्या मुलाखतीला पुरत नाही. आजचं बोलणं हवं, आणि आजचं बोलणं कुणीतरी लिहिलेलं, कुणाच्या तरी मालकीचं. म्हणून मग वकिलाच्या निळ्या पानांकडे वळलो. ती ३८ पानं काय होती? 'मला दोन भाऊ आहेत' याचं इंग्रजी करताना मराठी माणूस कुठे घसरतो. 'करून टाकलं', 'करून बसला', 'करून ठेवलं' यांना इंग्रजीत काय म्हणायचं. निर्यातदार "वी विल सी" म्हणतो तेव्हा तो होकार असतो की नकार. ही पानं लिहिताना मला वाटायचं की ती जागा भरायला आहेत.

त्यांच्यावरून आम्ही आमचेच प्रसंग लिहिले आणि मोबाईलवर चित्रित केले. कारखान्याच्या वजनकाट्यावर उसाच्या वजनावरून हुज्जत. बँकेत कर्जाची फाइल. द्राक्षाच्या बागेत आलेला परदेशी खरेदीदार; तो झाला आमच्यातलाच एक, जरा गोरा म्हणून. उच्चार शंभर टक्के साहेबी नाहीत, माझेही नाहीत. पण मुलांना आता "हा माणूस शब्द गिळतोय" म्हणता येत नाही, कारण तो माणूस मागच्या बाकावर बसलेला असतो.

यातला सर्वांत चांगला प्रसंग उजनीच्या पाण्यावरचा आहे. हिवाळ्यात भिगवणजवळ कुंभारगावला रोहित पक्षी बघायला लांबलांबून लोक येतात आणि तिथले मच्छीमार त्यांना होडीतून नेतात. अशाच एका घरातला मुलगा इंदापूरच्या बॅचला आहे. मी त्याच्यासाठी संवाद लिहून नेले होते: वेलकम सर, दिस इज फ्लेमिंगो, वगैरे. त्याने वाचले आणि म्हणाला, "सर, असं कोण बोलत नाय. ते फोटोवाले असतात. त्यांना पक्षी माहीत असतोय. त्यांना सांगायचं असतंय, ऊन तुमच्या पाठीमागं येईल अशी होडी लावतो, आणि उभं राहू नका." मग संवाद त्यानेच सांगितले, मी इंग्रजी केलं, आणि पहाटे सहाला होडीत बसून चित्रण झालं.

परत येताना वल्हं मारता मारता त्याने विचारलं, "सर, हे तुम्ही विकणार न्हवं? मग यात माझं किती?"

मी वकिलाला फोन लावला. तो इतका हसला की होडीतल्या सगळ्यांना ऐकू गेलं. मग म्हणाला, कलम ३८ बघ, सादर करणाऱ्याचाही हक्क असतो. २०१२ च्या दुरुस्तीनंतर त्याने लेखी संमती दिली तरी धंद्यातल्या वापराचा मोबदला त्याला मिळायला हवा. "आणि तो नुसता नट नाही. संवादही त्याचेच आहेत ना?"

आता आमच्याकडे एक पानाचा मराठी कागद आहे, प्रत्येक चित्रणाआधी भरायचा. कुणी लिहिलं, कुणी बोललं, कुणी कॅमेरा धरला. विक्रीतल्या शंभरातले वीस रुपये त्यांच्यात वाटले जातात. पहिल्या वर्षी होडीवाल्या मुलाला २,३४० रुपये मिळाले. त्याने ते घेतले आणि हिशेबाची पावती मागितली.

त्या झेरॉक्सवाल्या क्लासला मी नोटीस पाठवली नाही. फोन केला, आणि आमच्या दोघांच्या पुस्तिकेत काय काय दुसऱ्याचं आहे ते सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, "मग आता मी छापू काय?" मी त्याला नवी पुस्तिका पाठवली आणि पुस्तक विक्रेत्यांना देतात तसं पंचवीस टक्के कमिशन देऊ केलं. तो आता वर्षाला साठ-सत्तर प्रती नेतो. उधारीवर नेतो, पण नेतो.

नवी पुस्तिका ६४ पानांची आहे, किंमत ८० रुपये, पहिल्या पानावर लिहिणाऱ्यांची आणि बोलणाऱ्यांची नावं आहेत. जुन्या ११२ पानी पुस्तिकेच्या तीनशेवर प्रती अजून बारामती-इंदापूरकडे कुठे ना कुठे कपाटात असतील. तुमच्याकडे असेल तर कृपा करून तिची झेरॉक्स काढू नका. क्लासवर आणून द्या, बदल्यात नवी घेऊन जा. पैसे लागणार नाहीत, आणि चौथ्या पानावरची चूकही दुरुस्त केलेली आहे.